मतमोजणीची दुपार

अमेरिकेची मतमोजणी चालू होती, त्या बुधवारी दुपारी मी माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राला काचेच्या दारावर ढकललं.

मेलबर्नजवळच्या वेरिबीत आम्ही दोघं एका जुन्या भाड्याच्या घरात राहायचो. पुण्याहून एकाच वर्षी शिकायला आलो होतो. लॉकडाऊनमध्ये मी माझ्या खोलीत कोड लिहायचो. त्याची नोकरी गेली होती, म्हणून तो घरूनच फोनवर सर्व्हे करायचा आणि दिवसभर अनोळखी माणसांच्या शिव्या खायचा. एकदा कुणीतरी त्याला आपल्या देशात जाऊन मर म्हणालं, तेव्हा त्याने भिंतीला बुक्की मारून खड्डा पाडला.

मी त्या महिन्यांत निवडणुकीच्या निकालाचा अंदाज सांगणारं एक मॉडेल बनवलं होतं. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी प्रायमरी होते. तिथे ज्याच्यासाठी लोक भरभरून बाहेर पडले, तोच नोव्हेंबरात जिंकणार, असं माझं गणित. फोनवर लोक काहीही सांगतात, रांगेत उभे राहणारे खरे, असं मी म्हणायचो. तो विचारायचा, ज्याच्यासमोर पक्षात कुणी तगडं उभंच नव्हतं, त्याच्या प्रायमरीला गर्दी झाली म्हणून बाकीच्या देशाचं काय कळतं? आणि साथीत पोस्टाने मत देणारे तुझ्या जुन्या आकड्यांत कुठे सापडणार? मग माझा आवाज चढायचा.

त्या दुपारी सुरुवातीचे आकडे माझ्या बाजूने आले. मी टीव्हीसमोर उभा राहून त्याला म्हणालो, "तुम्ही सर्व्हेवाले शिव्या खायच्याच लायकीचे आहात."

त्याने रिमोट माझ्या तोंडावर फेकला. ओठ फाटला. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तो बॅकयार्डच्या सरकत्या दारावर आदळला आणि काच फुटून त्याच्या डाव्या हातावर कोसळली. मनगटातून रक्त उसळत होतं. मी टॉवेल दाबून धरला, तो भिजला. दुसरा घेतला, तोही भिजला.

साथीमुळे हॉस्पिटलात मला आत सोडलं नाही. कार पार्कमध्ये त्याचा फोन आला.

"पाय घसरून पडलो असं सांगितलंय. विचारलं तर तूही तेच सांग."

मी तेच सांगितलं.

काही दिवसांनी निकाल स्पष्ट झाला. माझं मॉडेल साफ चुकलं होतं. तिकडच्या सर्व्हेंनी जिंकणारा बरोबर सांगितला, पण मतांचं अंतर बरंच फुगवलं होतं, हे त्यानेच मला शांतपणे समजावलं.

राज्यांच्या सीमा उघडल्यावर तो सिडनीकडे टूनगॅबीला राहायला गेला. निघताना त्याच्या बॅगा मीच गाडीत ठेवल्या. त्याची दोन बोटं मिटत नव्हती.