तीनशे सात आणि कंडम मशीन

त्या मशीनला भंगार म्हणणाऱ्या माणसाशी मी आजही भांडायला तयार आहे. गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. आणि हो, या लिखाणात कोणाचंच नाव सापडायचं नाही. माझ्या मायनं जन्मभर बाबांचं नाव घेतलं नाही, मग मी कशाला घेऊ?

भंडाऱ्यापासून थोड्या अंतरावर आमचा एक सरकारी कारखाना होता. लगेच 'जवाहरनगरचा का?' असं विचारू नका. त्या मोठ्या कारखान्याच्या बसेस आमच्या फाटकासमोरून धूळ उडवत जायच्या आणि आम्ही ती खायचो. आमचं आपलं लहान. बाबा तिथे भट्टीवर होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कामावरच छातीत कळ येऊन गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. मॅट्रिक पास पोरगी, बपेरा गावची, शहर म्हणजे तुमसर एवढंच माहीत. मला बसवलं पंचिंगला.

पंचिंग म्हणजे पोस्टकार्डाहून लांब अशा जाड कार्डांना भोकं पाडायची. भोक कुठे पडलं, त्यावरून आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनला कळायचं की हा बिल्ला नंबर कोणता आणि त्याला द्यायचं किती. माय गावात सांगायची, "पोरगी सरकारी कागदाले भोकं पाडते." त्यावर शेजारीण म्हणाली, "अवं बाई, मंग उंदरायले काहून नाई ठेवत नोकरीवर?" हा विनोद बपेऱ्यात चांगला दोन वर्षं चालला.

ती मोठी मशीन आमच्याकडे आली तीच जुनी होऊन. नागपूरच्या कुठल्याशा कचेरीनं टाकलेली. चार गोदरेजची कपाटं शेजारी शेजारी उभी करावीत एवढी, आणि गिरणीसारखी घरघरायची. सगळे तिला 'बुढी' म्हणायचे. तिची देखभाल करायला एक मिस्त्रीभाऊ होते. घरी धानाची शेती, हातात पाना, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. व्होल्टेज वर-खाली झालं की ते तिला शिव्या द्यायचे आणि ती चालायची. पावसाळ्यात कार्डं सादळायची, फुगायची, आत अडकायची. मग आम्ही ती बुढीच्याच गरम पाठीवर पापडासारखी वाळत घालायचो आणि पुन्हा तिलाच खाऊ घालायचो. दहा वर्षांत एकही पगार तिनं चुकवला नाही. माणसं चुकली, ती नाही.

आणि चुकलेल्या माणसांत मी पहिली. ते सांगूनच टाकते.

बाबा गेल्यावर माय पेन्शनच्या फॉर्मासाठी कारखान्यात आली होती. बाबूनं विचारलं, नवऱ्याचं नाव? माय गप्प. आमच्याकडे बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नवरा गेल्यावर तर मुळीच नाही. बाबू चिडला. माय म्हणाली, "तीनशे सात." हा बाबांचा बिल्ला नंबर. रोज सकाळी डब्यासोबत तो पितळी बिल्ला तीच त्यांच्या हाती द्यायची, तिला तो पाठ होता. बाबूनं नंबर लिहिला आणि 'मी पोरीची आई' असं मायनं म्हटल्यावर नावाच्या रकान्यात लिहिलं, 'पोरीची आई'. रांगेत मागे उभ्या विधवा बायकांचंही तेच, नंबर बरोबर, नाव भलतंच. नाकाडोंगरीच्या एकीनं नवऱ्याचं म्हणून आपल्या भावाचं नाव सांगितलं, दुसरीनं 'मास्तराच्या घराशेजारचे' एवढंच. बाबूनं जसं ऐकलं तसं लिहिलं, आणि जसं लिहिलं तसं मी पंच केलं. मायचं कार्डही मीच. बापाचं नाव मला माहीत नव्हतं का? होतं. पण नवी नोकरी, कागदावर आहे तेच पंच करायचं, एवढंच शिकवलेलं. बुढीला नावाशी देणंघेणं नव्हतं, ती नंबरावर चालायची. महिन्याच्या महिन्याला प्रत्येकीची मनीऑर्डर बिनचूक गेली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नवे साहेब आले आणि सोबत नवा संगणक आला. टीव्हीसारखा पडदा, त्याला वेगळी थंड खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. देऊळच म्हणा ना! बुढीवर पाटी लागली, 'कंडम'. कार्डांचे गठ्ठे पोत्यात भरून गोदामात गेले, रद्दीवाला यायचा होता. नवी विटी, नवं राज्य.

त्याच वर्षी सरकारनं जाहीर केलं की सणाच्या आधी कामगारांना आणि पेन्शनवाल्यांना एकरकमी जादा पैसे द्यायचे. म्हणे लोकांच्या हाती पैसा आला की बाजार हलतो. मायनं तो पैसा हाती यायच्या आधीच हलवला. आमचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं. तिनं कुंभाराला नव्या कवेलूंची, म्हणजे कौलांची, आर्डर दिली, त्यानं भट्टी लावली, बैलबंडीवाल्यालाही सांगून ठेवलं. बपेऱ्यात एवढी अर्थव्यवस्था पुरे.

यादी दिवाळीच्या आत ट्रेझरीत पोचली नाही तर पैसे परत, असा हुकूम होता. नव्या संगणकानं यादी काढली आणि त्यात एकही विधवा बाई नव्हती. तो सर्व्हिस बुकातलं नाव फॉर्मावरच्या नावाशी ताडून बघायचा. जुळलं नाही की 'नावात तफावत' म्हणून ओळ बाद. भावाचं नाव सांगणारी बाद. पोरीची आई बाद.

मी साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिले. म्हटलं, साहेब, या खऱ्या आहेत. ते म्हणाले, "तहसीलमधून शपथपत्र आणायला सांगा, नवऱ्याच्या पूर्ण नावासह." यादी पाठवायला उरलेले तीन दिवस. लवकर पिकणारा हलका धान कापणीला आलेला, बाया बांधीत, धानाच्या शेतात. आणि शपथपत्रासाठी तेच करायचं होतं जे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

निरोप पाठवला तर माय स्वतःच आली. विळा कमरेला तसाच. म्हणाली, "मी नाई घेत नाव. सरकारले पैसे द्याचे असन तं द्या, नाई तं राहू द्या. इतक्या वर्साचं मोडू का कवेलूसाठी?"

"माय, छप्पर गळते."

"गळू दे! तुह्या मशीनले तं मालूम हाय ना तीनशे सात कोण होय? तिले इचार."

सगळ्या कारखान्यात अक्कल कोणाला, तर बांधीतून आलेल्या माझ्या मायला!

दुपारी जेवणाच्या सुटीत मी मिस्त्रीभाऊंना गाठलं. "बुढी चालन का?"

"ताई, कंडम हाय ते."

"चालन का, ते सांगा."

त्यांनी खर्रा थुंकला. "कागदावर कंडम हाय. बुढीले कोणी सांगतलं नाई अजून."

पोतं उपसून मी विधवा बायकांचा गठ्ठा काढला. कार्डं सांडून विस्कटली होती, पण गठ्ठ्याच्या कडेवर मी नेहमी लाल पेन्सिलीनं तिरपी रेघ ओढायचे. ती रेघ जुळवत गेलं की क्रम आपोआप लागतो. मिस्त्रीभाऊंनी बटण दाबलं. काही नाही. त्यांनी एक शिवी दिली, तारेची पिन खरवडली, पुन्हा दाबलं. आणि बुढी घरघरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

छापलेली यादी नेऊन मी साहेबांपुढे ठेवली. ते लाल झाले. "कोणाच्या परवानगीनं?"

"कोणाच्याच नाही. सर्व्हिस बुकात बिल्ला नंबर असतो, साहेब. नावं सोडा. नंबर ताडून बघा. एक चुकला तरी मी आजच राजीनामा लिहून देते."

त्यांनी दोन बाबू बसवले. संध्याकाळपर्यंत एकेक नंबर वाचला गेला आणि मी दाराशी उभी राहून प्रत्येक नंबर ऐकला, कारण पंच करणारा हात माझा होता. एकही चुकला नाही. साहेबांनी सही केली. त्यांना वाईट माणूस मी म्हणणार नाही, पण सही करताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. कंडम मशीन विनापरवाना चालू का केली, खुलासा करा. मी लिहिलं, 'कंडम मशीन चालू होत नसते. ही चालू झाली.' त्यावर माझं एक इन्क्रिमेंट थांबवलं. थांबवा म्हटलं.

पैसे वाटायच्या दिवशी बाया व्हरांड्यात रांगेत उभ्या होत्या, माय पुढे. खिडकीत बाहेरून आलेला कॅशियर होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं मान वर न करता विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

मायनं पदर सारखा केला, कमरेच्या पिशवीतून बाबांचा बिल्ला काढला, जो तिनं दहा वर्षं कारखान्याला परत केलाच नव्हता, आणि खिडकीच्या फळीवर आपटला.

"तीनशे सात," ती म्हणाली, शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल असं. "हेच नाव होय त्याइचं. बुढीले इचारा."

कॅशियरनं यादी बघितली. तीनशे सात होता. त्यानं पैसे मोजले, मायनं अंगठा उठवला. तिच्यामागून नाकाडोंगरीची ती बाई पुढे सरकली आणि त्यानं काही विचारायच्या आधीच म्हणाली, "पाचशे बारा."