नत्थूच्या भिंतीवरचा डावा हात

अल्लीपूरच्या पुढं नाल्याकाठच्या एका गावात नत्थू राहायचा. हंगामात हिंगणघाटच्या प्रेसमध्ये कापसाच्या गाठींवर काळ्या रंगानं निशाण्या काढायचं त्याचं काम. वस्तीत कुंचला धरता येणारा तोच एक. छप्पन साली अख्खी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, घरातले देव नाल्यात गेले आणि सगळ्यांनी मिळून मातीचं विहार उभं केलं. भिंत मात्र कोरी. बुद्ध नत्थूनंच काढायचा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि बिचाऱ्याची झोप उडाली. नागपूरहून आणलेल्या तसबिरीत नुसता चेहरा होता. अख्खा बुद्ध काढायचा म्हणजे काय खायचं काम आहे?

त्या थंडीत सरकारी सिनेमाची मोटार गावात आली. पारासमोर दोन बल्ल्यांना पांढरा पडदा ताणला. पुढच्या सतरंज्या गावाच्या. वस्तीनं पडद्याच्या मागं बसायचं. हे ठरवलं कोणी? ठरवायला कशाला पाहिजे! रूपराव पाटलानं नुसतं बोट दाखवलं आणि वस्ती मुकाट्यानं मागच्या धुळीत जाऊन बसली. शिवाशिव बंद करायचा कायदा दिल्लीत कधीचाच झाला होता, त्याला इथवर यायला मोटार मिळाली नसावी.

सिनेमा अजिंठ्याच्या लेण्यांचा होता. नत्थूला वाटलं होतं, नाचगाणं असेल. पण अंधाऱ्या दगडावरून उजेड हळूहळू सरकत गेला, आणि तो थांबेल तिथलं चित्र कोणी न दिसणारा माणूस हिंदीत समजावून सांगू लागला. दगडावर आधी माती, शेण न् भुसा लिंपला, वर चुना दिला, मग रंग भरले. अरे, ही तर आपल्याच घरची भिंत! मग बुद्धाचा चेहरा इतका जवळ आला की पापणीची रेघ दिसली. डोळे मिटलेले नव्हते, खाली वळलेले होते, समोर बसलेल्या कोणाकडं तरी पाहावं तसे. तसबिरीपुढं नत्थू रोज हात जोडायचा, पण असं पाहिलं कधी नव्हतं. मग वर उचललेला हात आला. त्याचं एकेक बोट किती मऊ वळलं होतं! नत्थूच्या डोळ्यांना धार लागली आणि ती पुसायचं भान त्याला राहिलं नाही. मध्येच येणारी अक्षरं मागून उलटी दिसत होती. पण मागं बसलेल्यांत वाचता कोणाला येत होतं?

नत्थू भिंतीला भिडला. बायको तानाबाई गेरू वाटून द्यायची. ती पापणी त्यानं कितीदा पुसली अन् कितीदा काढली, त्याला गणती नाही. चित्र पुरं झालं तेव्हा तानाबाई त्यापुढं बसली आणि म्हणाली, हे तर माझ्याकडंच पाहून राह्यले.

वैशाखी पौर्णिमेला प्रेमदास मास्तर आला. वस्तीतलाच पोरगा, सेलूला शाळेत शिकवायचा. त्यानं चित्र बराच वेळ पाहिलं आणि हळूच सांगितलं, की बुद्धाचा उजवा हात वर असतो, हा डावा झाला. झालं! दोन दिवसांत गावाला ते कळलं. वस्तीची माणसं रस्त्यानं निघाली की पाटलाची पोरं डावखुऱ्या देवाची खुशाली विचारत. वस्तीनं माना खाली घातल्या. चुना फासून नवीन काढा, असं प्रेमदासचं मत पडलं. नत्थू मात्र हटून बसला. आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं त्यानं. मोटार पुन्हा येऊ द्या, मग बोलू, म्हणाला.

पुढच्या थंडीत मोटार आली. नत्थूनं मोटारवाल्याच्या हातापाया पडून तोच सिनेमा लावायला सांगितला. वस्ती मागं बसली. पण तो हात यायच्या वेळेला नत्थू उठला, पडद्याला वळसा घालून पुढं गेला आणि सतरंजीच्या कडेला उभा राहिला. हात आला. उजवा होता. नत्थूला सगळं एका झटक्यात कळलं, आणि कळलं तेव्हा त्याला इतकी शरम वाटली की पळायचंही सुचलं नाही. तेवढ्यात पाटलाच्या माणसांनी त्याला ओढलं. लाठ्या बसत होत्या आणि पडद्यावर बुद्ध तसाच हात उचलून होता. सिनेमा कोणी थांबवला नाही.

मनगट मोडलं ते वाकडंच जुळलं. कुंचला धरवेना, प्रेसमधलं काम गेलं. रोज संध्याकाळी तो विहारात जाऊन भिंतीसमोर बसू लागला. एके दिवशी प्रेमदास चुन्याची बादली घेऊन आला, सोबत हिंगणघाटचा रंगारी. नत्थू दारात आडवा झाला.

"राहू दे, मास्तर. मले जसं दिसलं तसं मी काढलं. आपल्याले जिथं बसवलं, तिथून बुद्ध असाच दिसते. लेकरं विचारतीन डावा काऊन, तं सांगजो त्याईले."

प्रेमदासनं बादली खाली ठेवली. त्या चुन्यानं तानाबाईनं विहाराच्या बाकीच्या तीन भिंती पांढऱ्या केल्या.