चुन्याची रेघ

मुलांनो, तुम्ही टेनिस टीव्हीवर पाहता. मी ते अमरावतीच्या क्लबात पाहिले. तुम्ही परदेशी गेल्यापासून मी संध्याकाळी तिथे फिरायला जाई. तिथले मार्करचाचा कोर्टावर चुन्याच्या रेघा मारत आणि कोणाला जोडीदार नसला की खेळायला उभे राहत. त्यांचा स्वतःचा चेंडू रेघेबाहेर गेला, की "आऊट!" सर्वांत आधी तेच ओरडत.

कापसाचे भाव बसले, तसे अकोटचे जिनवाले यायचे थांबले. डॉक्टर मंडळी घरीच क्रिकेटचे सामने पाहत बसू लागली. शेवटी कमिटीने कोर्टाचे लग्नाचे लॉन करायचे ठरवले.

त्या संध्याकाळी सेक्रेटरी म्हणाले, "चाचा, एक शेवटचा गेम खेळून घ्या, मग जाळी सोडा."

चाचांनी माझ्यासाठी खुर्ची मांडली. "बसा बाई. पाह्यणारं कोनी नसलं तं गेम कायचा?"

"पण खेळणार कोणाशी?"

"माह्याशीच. तो बी काही कमी नाही!"

ते इकडून सर्व्हिस करत, चालत पलीकडे जात, चेंडू उचलून तिकडून मारत आणि दोन्ही बाजूंचे गुण पुकारत. गुण बरोबरीत आले. तिथून सलग दोन गुण मिळाले की गेम संपतो. सर्व्हिस करणाऱ्या बाजूला पहिला मिळाला.

दुसऱ्यासाठी चाचांची पहिली सर्व्हिस जाळीत गेली; पुढचीही चुकली, तर गुण समोरच्या बाजूला. पुढची थेट रेघेवर पडली, म्हणजे आतच. चुना उडालेला मी पाहिला. त्यांनीही पाहिला.

"आऊट!" चाचा ओरडले. "पुन्हा बरोबरी."

मलाही घरी जायची घाई नव्हती.