आवाज होता, चित्र नव्हतं

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. दारावर बांधलेलं लिंबू काढून मी सरबत केलंय आणि आईच्या शिव्या खाल्ल्यात. या ग्रुपवरचे लोकांचे अनुभवही मी इतकी वर्षं वाचत आलो ते, खरं सांगायचं तर, थोडं हसायलाच... माफ करा. पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे. तिच्यात घाबरण्यासारखं काही नाही. कुणी मागे लागलं नाही, कुणी झपाटलं नाही. तरी सांगतो, कारण ती माझ्याकडे माझ्याच अक्षरात लिहून ठेवलेली आहे — मिनिट-सेकंदासकट.

२००६ चा मे महिना. जुन्या हुबळीत एका शिंप्याच्या दुकानावर माझी एडिटिंगची खोली होती, दहा बाय बारा. एक कॉम्प्युटर, एक व्हीसीआर, एक टेबल फॅन. लोकांच्या जुन्या लग्नाच्या कॅसेटवरून सीडी-डीव्हीडी करून द्यायच्या, हा धंदा.

आता माणसं सांगतो. माझे धाकटे काका, बाळूकाका. अळणावरजवळच्या आमच्या गावी शेती बघायचे. १९९२ मध्ये माझ्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे अक्काचं लग्न हुबळीच्याच नवनगरात झालं. तेव्हा काकू माहेरी बाळंतीण होती, त्यांची मुलगी वैशाली जेमतेम बारा दिवसांची. त्यामुळे काका एकटेच लग्नाला आले. त्यानंतर पाच महिन्यांत ते काविळीने गेले. वय एकोणतीस.

लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचा एकच फोटो आहे, मागच्या रांगेत, तोही दोन फेट्यांच्या मधून नुसता चेहरा. हलते-बोलते काका होते ते फक्त लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. आणि ती कॅसेट अक्काबरोबर तिच्या सासरी, साताऱ्याला गेली. चौदा वर्षं तिथल्याच कपाटात राहिली. काकूने ती कधीच पाहिलेली नव्हती... पुढचं सगळं यावरच आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

त्या वर्षी अक्का ती कॅसेट घेऊन हुबळीला आली. टेपवर पांढरी बुरशी चढलेली. माझा व्हीसीआर खराब होईल या भीतीने मी ती दुर्गदबैलच्या बाजारातल्या मंजण्णाकडे दिली. तो असल्या कॅसेट साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा. त्याने ती कशीबशी एकदा चालवली, फाइल केली, आणि रिवाइंड करताना टेप तुटून मशीनमध्ये गुंडाळली गेली. म्हणजे आता काका जे काही उरले होते, ते त्या एका फाइलमध्ये.

त्या फाइलची हार्ड डिस्क खोलीवर आणून लावली. वाजंत्री सुरू झाली, मंगलाष्टका आल्या, पण चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन. कोडेक मिळत नाही, असा मेसेज. मंजण्णाच्या कॅप्चर कार्डाने चित्र स्वतःच्याच पद्धतीने बांधून ठेवलं होतं, आणि ते सोडवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे कोडेक, त्याच कार्डाबरोबरच्या सीडीवर येतं. आवाज मात्र साधाच भरलेला, म्हणून तो सगळीकडे चालायचा.

मंजण्णाला फोन केला. तो म्हणाला, "कार्ड जळालं री. करंट गेला-आला, धूरच निघाला. आता ते ओपन आगंगिल्ल, उघडणारच नाही."

"मग त्याची सीडी तरी?"

"ती कुठं ठेवतो री सांभाळून?"

सायबर कॅफेतून होते नव्हते ते सगळे कोडेक उतरवून टाकून बघितले. एकदा हिरव्या पट्ट्या आल्या, एकदा कॉम्प्युटरच बंद पडला. तीन दिवस असे गेले. इकडे अक्काने गावी निरोप धाडलेला, की काका टीव्हीवर दिसणार आहेत. मी येऊ नका म्हणून कळवायच्या आत काकू आणि वैशाली सकाळच्या बसने येऊन पोचल्यासुद्धा.

वैशाली तेव्हा चौदा वर्षांची. केसांत अबोलीचा गजरा घालून आली होती, एखाद्या समारंभाला यावं तशी. जिना चढतानाच मला म्हणाली, "अण्णा, मला जास्त काही नको. अप्पा चालायचे कसे, तेवढं दाखीव."

मला तोंड लपवायला जागा सापडेना. त्या दोघींना सगळं समजावून सांगितलं. वैशाली गजरा काढून पर्समध्ये ठेवायला लागली. तेव्हा काकू म्हणाली, "आवाज हाय म्हणतोस न्हवं? मग आवाज लाव की. एवढ्या लांबनं आलोय."

मी फाइल लावली. काकू मॉनिटरच्या समोर खुर्चीवर, वैशाली तिच्या शेजारी स्टुलावर. काळा चौकोन, खाली सेकंद पळताहेत. भटजींचा आवाज, भांड्यांचा आवाज, कुणीतरी कानडीत पाणी मागतंय. आणि मग गर्दीतून एका माणसाचं हसू आलं. "अरे सरा की बाजूला, पोरींना बसू द्या." काकांचा आवाज. चौदा वर्षांनी ऐकला, तरी लगेच ओळखला.

काकूने पदर डोक्यावर ओढला. "आले बघ," ती म्हणाली.

"कुठं?" वैशालीने विचारलं.

"हे काय, दारातनं येत्यात. पायात बघ. एक चप्पल तुझ्या मामाची, एक सोताची. घाईत निघाले असतील माझ्या माहेरातनं."

मला वाटलं, बाई पोरीचं मन राखायला रचून सांगतेय. पण एडिटरची सवय वाईट. काम करताना माझ्यापुढे नेहमी वही असते, कुठल्या मिनिटाला काय आहे ते टिपायची. हात आपोआप चालला. चार मिनिटं बारा सेकंद — दोन वेगळ्या चपला.

काकू सांगत गेली, शेजारच्या अंगणात काय चाललंय ते सांगावं तितक्या सहज. "आता ताटं वाढायला लागले... डावा हात पाठीशी बांधलाय, वाढायचे ते तसंच... शर्ट निळा हाय." वैशाली स्टूल पुढे ओढून आईला चिकटून बसली होती. ती आता मॉनिटर सोडून आईच्या तोंडाकडे बघत होती. मग कुणाचं तरी लहान पोर रडल्याचा आवाज आला आणि काकू हसायलाच लागली.

"काय झालं, आई?"

"अगं, कुणाची तरी दोन वर्साची पोर घेतलीया उचलून. आणि मानंखाली हात धरलाय बघ, बारा दिसाचं लेकरू असल्यागत. ती पाय झाडतीया, पण ह्यांचा हात काय मानंखालनं निघंना. तुला घ्यायचं शिकले होते न्हवं नुकतंच."

वैशाली तेव्हा रडली. मीही वहीत एकवीस मिनिटं चाळीस सेकंद असं लिहिलं आणि उठून फॅन उगाच इकडचा तिकडे केला.

शेवटी अक्काच्या पाठवणीचा गलका आला. काकू हळू आवाजात म्हणाली, "खांबामागं गेले. तोंड पुसत्यात टॉवेलानं. कुणाला दिसू नये म्हणून गेले, आणि क्यामेरावाल्यानं नेमकं तिथंच धरलं."

फाइल संपली. मी त्यांना खालच्या हॉटेलातून इडली-वडा आणून दिला. दोघी चारच्या बसने गेल्या. जाताना वैशालीने गजरा पुन्हा घातला होता.

मी मात्र चित्राचा नाद सोडला नाही. एका इंटरनेट फोरमवर त्या कार्डाचं नाव टाकून विचारलं. कोल्हापूरच्या एका भल्या माणसाकडे त्याच कार्डाची सीडी होती, त्याने कुरिअरने पाठवली. तीन आठवडे गेले होते. सकाळी अकराच्या सुमारास ती टाकली, फाइल उघडली... आणि चित्र आलं. जरा पिवळट, कडेला रेघा, पण आलं.

आधी नुसताच बघत बसलो. मग वही आठवली.

चार मिनिटं बारा सेकंद. काका दारातून आत येतात. डाव्या पायात कोल्हापुरी, उजव्या पायात रबरी चप्पल.

पंगतीत वाढताना डावा हात पाठीशी. एकवीस मिनिटं चाळीस सेकंदांना फ्रॉक घातलेली, चांगली धडधाकट पोर त्यांच्या हातांवर आडवी, पाय झाडतेय, आणि काकांचा तळवा तिच्या मानेखाली. मी थांबवून थांबवून बघितलं. शेवटी खांब, टॉवेल, सगळं. मी गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिलो. खाली शिंप्याची मशीन चालू होती, तिचा आवाज बरा वाटला.

एक गोष्ट चुकली होती, तीही सांगतो. शर्ट निळा नव्हता, खाकी होता.

पुढच्या रविवारी दोघींना पुन्हा बोलावून घेतलं. वैशालीने वडिलांना चालताना पाहिलं, चार-पाच वेळा मागे घ्यायला लावून पाहिलं. मग म्हणाली, "शर्ट खाकी हाय की गं, आई."

"असंल," काकू म्हणाली. "मला त्यांच्या अंगावर निळाच आवडायचा."

मी विचारलं, "काकू, त्या दिवशी तुला हे कळलं कसं?"

"दिसलं की."

"अगं, पडदा काळा होता."

"तुझी मशीन तुला दावत नसंल," ती म्हणाली. "मला काय म्हाईत त्यातलं?" आणि चहात साखर कमी घाल म्हणाली.

मित्रांना वही दाखवली की ते म्हणतात, काकांनीच लग्नाहून आल्यावर तिला सांगितलं असेल. चपलांचं सांगितलं असेल, मान्य. पण आपण खांबामागे रडलो हे आमच्याकडचा कुठला पुरुष बायकोला सांगतो? पोर कशी धरली होती ते त्यांचं त्यांना तरी ठाऊक असेल का? आणि समजा सगळं सांगितलं... तरी चौदा वर्षांनी, अंधाऱ्या चौकोनाकडे बघत, नेमक्या त्या-त्या सेकंदाला?

काकू चार वर्षांपूर्वी गेली. वैशाली धारवाडला शिक्षिका आहे, तिला दोन मुलं आहेत. मी अजून एडिटिंगच करतो, आता सगळं मोबाइलवरच चालतं. या गोष्टीचा उलगडा मला झालेला नाही आणि होईल असं वाटतही नाही. त्याची मला तशी खंतही नाही. खंत वेगळीच आहे. त्या दिवशी माझ्या टेबलावर चांगला माइक होता, कॉम्प्युटरला जोडलेला, चालू स्थितीतला. काकू अर्धा तास बोलत होती, आणि मी नुसता वहीत लिहीत बसलो.