नवरीविना हळद

पनवेलच्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला तो लग्नाच्या गाण्यांमुळे, आणि ती गाणी मी म्हटली ती माझं लग्न लांबावं म्हणून. हे सांगितलं की लोक हसतात. तेव्हा आमच्या घरात कोणी हसत नव्हतं.

बारावीला गुण बरे पडले होते, पण हव्या त्या कॉलेजच्या शेवटच्या यादीतही माझं नाव लागलं नाही. घरात तोवर बारावीच्या पुढे कोणीच गेलं नव्हतं. बाबांचं म्हणणं साधं होतं. "नंबर नाय लागला तं नाय लागला. उरनकडचं स्थळ आलंय, मानसं चांगली हायेत." त्यात त्यांचा राग नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाला समजावता तरी येतं.

दाखला घ्यायला शाळेत गेले तेव्हा मराठीच्या बाई भेटल्या. त्या पनवेलहून रोज सहा आसनी रिक्षात दाटीवाटीने बसून आमच्या खेड्यातल्या शाळेत यायच्या.

"कल्चरल कोट्यातून प्रयत्न कर," त्या म्हणाल्या.

"मला काय येतं, बाई?"

मी खरंच विचारत होते. आमच्या शाळेत गॅदरिंग व्हायचं, मुलांची कबड्डीची टीम होती आणि एक हार्मोनियम होती, ती कायम कपाटात. अभ्यासाव्यतिरिक्त काही येणं म्हणजे पदक, ढाल, क्लासचं सर्टिफिकेट, असंच मला वाटायचं.

"लग्नसराईत दर सोमवारी तुझा घसा बसलेला असतो. का?"

"आत्याबरोबर धवले म्हणायला जाते."

"मग हेच की गं!"

माझी आत्या धवलारीण आहे. आम्हा आगरी लोकांत धवलारणीशिवाय लग्न उभं राहत नाही. तांदूळ निवडण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं आपलं गाणं असतं, तो धवला. धवलारीण ओळ सांगते, मागच्या बायका ती उचलून धरतात. मी लहानपणापासून त्या मागच्या बायकांत उभी राहत आले होते. त्याला कला म्हणतात हे मला बाईंनी सांगितलं. वर्गातल्या एवढ्या मुलांमधून एका मुलीचा बसलेला घसा ध्यानात ठेवणाऱ्या शिक्षिकेला काय म्हणावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

त्या कोट्यासाठी कॉलेजात आपली कला सादर करायची चाचणी होती, आणि साथीला एक जण चालणार होता. आत्या लगेच तयार झाली. पण "आधी घरी एकदा म्हणून बघू या" म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला.

"घरान कोनाचं लगीन हाय गो? धवला काय रेडिओ हाय, कान पिळला का लागला?"

तिला मी घरात कधी नुसतं गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. काम असेल तर गाणं, काम नाही तर गाणं नाही. त्यामुळे एकदाही सराव न करता आम्ही पनवेलच्या एसटी स्टँडवर उतरलो.

हॉलबाहेर भरतनाट्यमच्या पोशाखातली मुलगी होती, तबला घेतलेला मुलगा होता, सगळ्यांकडे जाड फाइली होत्या. आमच्याकडे आत्याची कमरेची पिशवी. आत टेबलामागे एक सर, संगीताच्या मॅडम आणि बाजूला घंटा घेऊन बसलेली कॉलेजची एक मुलगी. "पाच मिनिटं झाली की ही घंटा वाजवेल," सर म्हणाले. "करा सुरू."

मी हळदीचा धवला म्हणणार असल्याचं सांगितलं. आत्या खाली बसली आणि तिने इकडेतिकडे पाहिलं.

"नवरी कोन?"

"नवरी?" मॅडम म्हणाल्या.

"हलद कोनाला लावाची मंग?"

"मावशी, इथे फक्त गाऊन दाखवायचंय."

"दाखवाला नाय गो बाय, लावाला बोलतात धवला. मांडव नाय, नवरी नाय, मी सुरू कशी करू?"

माझ्या डोळ्यांसमोर ते उरणकडचं स्थळ उभं राहिलं. आता सर म्हणणार, पुढचा उमेदवार. मी आत्याचा हात दाबला, तिने तो सोडवून घेतला. मॅडमनी मात्र पेन खाली ठेवलं.

"नवरी कुठलीही चालेल?"

"लगीन झालेली नको."

मॅडमनी घंटेवाल्या मुलीकडे बघितलं. ती "मी? मॅडम, नको ना!" म्हणेपर्यंत आत्याने तिला खुर्चीवर बसवलं होतं. बाहेरून त्या नाचणाऱ्या मुलीला, तबल्यावाल्याला आणि आणखी दोघांना बोलावलं आणि चौघांनी एका ओढणीचे चार कोपरे वर धरले. झाला मांडव. आत्याने पिशवीतून हळदीची पुडी काढली. "लाजतेस कशाला? येक दीस लावाचीच हाय," ती म्हणाली, आणि पोरीच्या गालाला हळद लागताच तिने आवाज सोडला.

मी मागून उचलला. सराव नव्हता, पण हळदीचा वास आला आणि सगळं ओळीने आलं. आत्याचा श्वास कुठे संपणार, मी कुठे धरायचं, हे तिच्या खांद्याकडे पाहूनच कळायचं. धवला शेवटपर्यंत गेला. पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली असणार, पण घंटा वाजवणारी नवरी झाली होती आणि घंटा तिच्या मांडीवर, हळदीच्या हातांत.

सरांनी एकच प्रश्न विचारला. "यातून तू काय शिकलीस?"

मी पाठ केलेली उत्तरं विसरले. "दुसऱ्याचा आवाज तुटू द्यायचा नाही, सर," मी म्हणाले. "आणि त्याच्या पुढेही पळायचं नाही."

मला प्रवेश मिळाला. ते कळलं त्या संध्याकाळी बाबांनी स्थळ आणणाऱ्या काकांना अंगणातूनच सांगितलं, "पोरगी कॉलेजान जाते आता," आणि ते जरा जास्तच मोठ्याने सांगितलं, शेजारी ऐकावं म्हणून.

पुढे तीन वर्षं मी त्या कॉलेजात पुष्कळ काही केलं. नाटकाचे पडदे ओढले, सूत्रसंचालन केलं, शिबिरात खड्डे खणले. आज मुलाखतीत लोक मला पदवीबद्दल थोडं आणि या बाकीच्याबद्दलच जास्त विचारतात. गुणांनी मी त्या दारापर्यंत पोहोचले होते. दार मॅडमनी उघडलं, बाईंनी दाखवलं, आणि आत्या आपली रीत न सोडता माझ्यासोबत त्यातून आत आली.

चाचणीच्या दिवशी परत येताना एसटीत ती म्हणाली होती, "तुझा धवला मीच बोलनार. पन तू सांगशील तवा."

मी पदवीधर झाले, नोकरीला लागले. आत्या अजून लग्नसराईत गावोगाव जाते, तिच्या मागे मी उभी असते. हळद उतरली की ती माझ्याकडे वळून भुवया उडवते. मी 'अजून नाही' अशी मान हलवते. ती हसते आणि पिशवीची नाडी आवळते.