आमच्या बँकेतला माजी मंत्री

सिडनीत, आमच्या टूनगॅबीला, कुणाकडे बार्बेक्यूला आठ-दहा मराठी टाळकी जमली की पहिला अर्धा तास घरांच्या किमती आणि पुढचा अर्धा तास मुलांच्या शाळा. मग कुणीतरी म्हणतंच, "मेधा, तुमच्या विलेमचं काय नवीन?" मी आणि प्रसाद एकमेकांकडे बघतो. कुठला आधी सांगायचा! हे किस्से फ्रीजमधल्या डब्यांसारखे साठलेत. एक काढायला जावं तर मागचे तीन अंगावर येतात.

आधी माणूस कोण ते सांगते. पॅरामॅटातल्या आमच्या बँकेत शेतीकर्जाचा एक विभाग आहे. मी पुण्याला ॲग्री केलं, इथे युनिव्हर्सिटी केली आणि त्याच विभागात चिकटले. प्रसाद माझा तिथलाच सहकारी, सांगलीचा, पण आयटीतला. गाय दिसली की गाडीच्या काचा वर करणारा! आणि आमचा बॉस विलेम. साडेसहा फुटी डच माणूस. शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः गाई राखलेला. तिकडच्या संसदेत गेला, शेती खात्याचा राज्यमंत्री झाला, मग निवडणूक हरला आणि बँकेत आला. बँकेने त्याला सिडनीला धाडलं.

पहिल्याच मीटिंगला प्रसादने विचारलं, "राजकारणातून बँकेत? खूप फरक वाटत असेल ना?"

"प्रचंड," विलेम म्हणाला. "तिथे मी 'नाही' म्हटलं की लोक मला पाडायचे. इथे 'नाही' म्हटलं की प्रमोशन!"

* * *

केविन नावाच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याकडे आम्ही गेलो होतो. विलेम माजी मंत्री आहे हे त्याला कुठूनतरी कळलेलं. त्यामुळे बोलणं तुटक. विलेमच्या इस्त्रीच्या शर्टाकडे असा बघत होता, जणू त्यावर पक्षाचं चिन्ह आहे.

तेवढ्यात त्याची बायको धावत आली. एक गाय अडली होती आणि व्हेट तासाभराच्या अंतरावर. विलेमने कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या खांद्यापर्यंत सरकवल्या आणि सरळ गोठ्यात. वीस मिनिटं तो आणि केविन घामाघूम. शेवटी वासरू बाहेर आलं, शिंकलं आणि आमच्या जिवात जीव आला. शर्टाचं काय झालं ते सांगत नाही, तुम्ही जेवताय.

केविन हात धुता धुता म्हणाला, "मेट, राजकारणी इथे आजवर फोटो काढायला आले. वासरू काढणारा तू पहिलाच!"

* * *

प्रसाद त्याला पाठीमागे 'पाटील' म्हणतो. कारण तो माणूस भेटला की आधी गुरांची चौकशी करतो, मग पावसाची, मग पोराबाळांची. कामाचं सगळ्यात शेवटी.

एकदा लिफ्टमध्ये प्रसाद मला मराठीत सांगत होता, "आज पाटलांचा मूड बरा आहे, लीव्ह मागून घे." मागून आवाज आला, "पॅटील म्हणजे मीच ना?" प्रसादचा चेहरा पांढराफटक!

"म्हणजे... गावचा प्रमुख. खूप मान असतो त्याला," प्रसाद कसाबसा म्हणाला.

"निवडून येतो?"

"नाही, पूर्वी वंशपरंपरेने असायचा."

विलेमने सुस्कारा सोडला. "हे मला चाळीस वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं!"

* * *

त्याचं जेवण म्हणजे दोन ब्रेड आणि मध्ये चीज. रोज! प्रसादची आई सांगलीहून आली होती, तिला हे ऐकून इतकं वाईट वाटलं की तिने त्याच्यासाठी ठेचा पाठवला. प्रसादने "अगदी थोडा" असं तीनदा बजावलं. विलेमने लोण्यासारखा थापला.

पहिला घास. कान लाल झाले. मग मान. आम्ही पाणी घेऊन उभे. तो अख्खं सँडविच संपवून उठला आणि डोळे पुसत म्हणाला, "संसदेत चार-चार तास विरोधकांना तोंड दिलंय. पण तुझ्या आईला तिथे नेलं असतं तर मी पहिल्या दिवशीच राजीनामा दिला असता."

संध्याकाळी निघताना हळूच विचारतो, "संपला का तो?"

* * *

मंत्री असताना चिडलेल्या शेतकऱ्यांनी त्याच्या दारात ट्रॅक्टरभर शेण ओतलं होतं. तो घरी नव्हता. बायको एकटी. तिने दार उघडलं, ढीग बघितला आणि त्या शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याला विचारलं, "गाईचं की डुकराचं?"

"गाईचं," तो गडबडून म्हणाला.

"मग मागच्या बाजूला घ्या, गुलाब तिकडे आहेत!"

* * *

आणि हा पीटचा.

मेलबर्नजवळ पॉइंट कुकला माझी बहीण राहते, मी तिच्याकडे उतरले होते. विलेमने मला तिथूनच गाडीत घेतलं. दोन तासांवर पीटचं फार्म. हा म्हातारा मूळचा डच. मुलीसाठी शेजारची जमीन घ्यायची म्हणून कर्जाचा अर्ज केलेला. विलेमला वाटलं, गाववाला भेटेल, मजा येईल.

पीटने दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. डचमध्ये काहीतरी बोलला. विलेमचं हसू गेलं. मग माझ्याकडे बघून पीट इंग्लिशमध्ये म्हणाला, "हिलाही कळू दे. तुझ्या सहीच्या कायद्याने माझा गोठा रिकामा झाला. म्हणून मी इथे आलो."

मला वाटलं, आता विलेम भाषण देईल. जास्त गुरांच्या शेणाने नद्यांचं पाणी कसं बिघडतं, म्हणून गुरं कमी करायला कायदा कसा लागला, सगळं त्याला तोंडपाठ होतं. तो एवढंच म्हणाला, "किती होत्या?"

"चौसष्ट."

"तेव्हा मी तुमच्याकडे यायला हवं होतं. आलो नाही."

 पीट दारातून बाजूला झाला.

आम्ही किचनच्या टेबलाशी बसलो. काय करावं सुचेना म्हणून मी फॉर्म काढला आणि एकेक प्रश्न वाचत गेले. नाव, पत्ता, जनावरं. पीट जेवढ्यास तेवढी उत्तरं देत होता. पुढचा प्रश्न वाचला आणि जीभ चावली. 'आधीची शेती बंद करण्याचं कारण.'

 बाहेर गाई हंबरत होत्या.

विलेमने माझ्या हातातून पेन घेतलं, फॉर्म स्वतःकडे ओढला आणि त्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग कागद पीटपुढे सरकवला.

पीटने चष्मा लावला. सावकाश वाचलं.

"स्पेलिंग बरोबर आहे," तो म्हणाला आणि आत मुलीला हाक मारली, "तीन कॉफी आण गं!"