मंदारच्या बाबांचं भिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

२००३ साली मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी एमएस करत होते. वरच्या मजल्यावर मंदार राहायचा. नागपूरचा, भूगर्भशास्त्रात पीएचडी करणारा. त्या हिवाळ्यात त्याचे बाबा अचानक गेले. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. इंडियाला गेला तर परत यायला व्हिसाचं नवं स्टँपिंग मिळेल की नाही, कुणीच सांगू शकत नव्हतं. फोनवर त्याच्या आईनेच बजावलं, ‘येऊ नकोस.’ तो गेला नाही. तेरा दिवस नुसता लॅबमध्ये जाऊन बसायचा. आम्ही सगळे पाळीपाळीने त्याला डबा द्यायचो — मी जरा जास्तच वेळा. हो, मला तो आवडायचा.

त्याचे बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. उष्ण प्रदेशातले चुनखडीचे डोंगर ते खडूने फळ्यावर काढायचे — पावसाने कोरलेले, सुटेसुटे उभे — आणि म्हणायचे, हे एकदा डोळ्यांनी बघायचेत. बघणं झालं नाही. दगड निरखायचं त्यांचं छोटं पितळी भिंग मंदारकडे होतं. तसे डोंगर पोर्तो रिकोत आहेत, आणि ते बेट अमेरिकेचंच, म्हणून इथून तिथे जायला व्हिसा लागत नाही.

“भिंग तिथे माथ्यावर ठेवून येतो,” तो म्हणाला. “येशील?”

मी विचारसुद्धा केला नाही.

मार्चच्या सुट्टीत गेलो. त्याने निवडलेल्या डोंगराला वाटच नव्हती. पायथ्याशी कॉफी लावणारा एक म्हातारा मोडक्या इंग्रजीत म्हणाला, वर कुणी गेलेलं मला तरी आठवत नाही. झाडी इतकी, की चार पावलांवरचं माणूस दिसू नये. खडक धारदार, हात टेकला की कापायचा. आणि पाचोळ्याखाली भोकं. अशाच एका भोकात मंदारचा पाय गेला, घोटा मुरगळला. माथा फार लांब नव्हता. त्याने भिंग माझ्या हातात दिलं.

“तू जा. वरून समुद्र दिसतो का, तेवढं बघ.”

मी गेले. कुठपर्यंत? — शेवटी खडकाची एक भिंत होती, दोन मजली घराएवढी. धरायला मुळं होती. चढता आलं असतं, असं आज वाटतं. दोनदा पाय ठेवला, दोनदा काढून घेतला. खाली बघितलं आणि मुळं सोडून दिली.

मी ते भिंग भिंतीतल्या एका भोकात ठेवलं. ते आत घरंगळत गेलं. कितीतरी वेळ आवाज येत राहिला. आणि मग — हे सांगणं सगळ्यात जड जातंय — मी तिथेच बसून राहिले. घड्याळाकडे बघत, अर्धा तास. वर जाऊन यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा.

“पोचलीस?” खाली आल्यावर मंदारने विचारलं.

“हो.”

“समुद्र?”

“दिसतो ना. लांबवर, निळी रेघ.”

तो रडला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी त्याचं डोकं कुशीत घेऊन बसले. इतक्या जवळ मी कुणाच्याच कधी गेले नव्हते. संध्याकाळी त्याने आईला फोन लावला आणि माझ्याकडे दिला. काकू म्हणाल्या, “वर वारा असेल ना गं? यांना वारा फार आवडायचा.”

“खूप वारा होता, काकू.”

दोन वर्षांनी त्याने लग्नाचं विचारलं. म्हणाला, “माझ्या बाबांना तू पोचवलंस. मला अजून कोण हवंय?” हे ऐकल्यावर हो कसं म्हणायचं? आणि खरं तरी कसं सांगायचं? मी न्यू जर्सीतल्या नोकरीचं कारण पुढे केलं. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. एडिसनच्या माझ्या अपार्टमेंटमध्ये मी अजूनही कधीकधी मनातल्या मनात ती भिंत चढते. वर पोचायच्या आधीच थांबते.

२००८च्या उन्हाळ्यात काकू अमेरिकेत आल्या. मंदार त्यांना मुद्दाम मला भेटवायला घेऊन आला. ओक ट्री रोडवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये बसलो होतो. थाळ्या आल्या, पण काकूंनी आधी माझा हात धरला.

“एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. सांग, कसं होतं वर?”

सांगायचं असतं, तर याहून चांगली वेळ कुठली होती? मी वारा सांगितला, समुद्र सांगितला. दोन पांढरे पक्षी सांगितले — ते मी त्या दिवशी पहिल्यांदाच घातले. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. मंदार समोरून माझ्याकडे बघत होता, पूर्वी बघायचा तसा. आणि ते बघणं मला हवं होतं, म्हणून मी थांबले नाही, आणखी सांगत राहिले.

मी वर गेलेच नव्हते. त्या दोघांना ते अजून माहीत नाही.